बिशप आणि त्यांचे फादर

हरेगावची मतमाउलीची यात्रा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ दर सप्टेंबरात ही यात्रा भरते आणि तिला ख्रिस्ती मंडळींबरोबर इतर धर्मांची माणसेही जातात. अशा प्रसंगी वेदीपाशी पांढऱ्या झग्यातले पुष्कळ फादर उभे असतात आणि त्यांच्यामध्ये एकजण वेगळे दिसतात. डोक्यावर उंच टोपी, बोटात अंगठी आणि हातात मेंढपाळाच्या काठीसारखी टोकाशी वळलेली काठी. ते बिशप.

आता या बिशपांचे आणि त्या फादरांचे नाते काय? बहुतेकजण मनाशी धरतात की बिशप म्हणजे कलेक्टर आणि फादर म्हणजे त्यांच्या हाताखालचे कारकून. वरून हुकूम सुटला की खालच्याने बिस्तरा बांधायचा. ही समजूत अगदीच खोटी नाही, पण अपुरी आहे, आणि गावाला ती नडते ती फादरांची बदली झाली म्हणजे. ज्यांनी शाळेला वर्ग बांधून दिले, वसतिगृहातल्या पोरांना पोटाशी धरले, ते फादर एक दिवस सांगतात, “मला दुसरीकडे जायचे आहे.” गाव हळहळते, कुणी अर्ज लिहायला बसतो. हा अर्ज करायचा कुणाकडे? बिशपांनी तो ऐकलाच पाहिजे काय? आणि खुद्द त्या फादरांना काही दाद मागता येते काय?

पहिली गोष्ट ही की सगळे फादर सारखे नव्हेत. काही फादर एखाद्या संघाचे असतात, उदाहरणार्थ जेजुइट किंवा सेल्शियन. ते गरिबीचे, ब्रह्मचर्याचे आणि आज्ञापालनाचे व्रत घेतात, आणि त्यांना कुठे पाठवायचे हे मुख्यतः त्यांच्या संघाचे प्रमुख ठरवतात. त्यांना एखाद्या चर्चचा कारभार द्यायचा असला तर नेमणूक बिशपच करतात, पण नाव संघाकडून यावे लागते.

दुसरे असतात धर्मप्रांताचे फादर. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालचा मुलूख. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, वसई, नागपूर, अमरावती, औरंगाबाद असे धर्मप्रांत आहेत. या फादरांना गरिबीचे व्रत नसते, हे ऐकून लोकांना नवल वाटते. बापजाद्यांच्या जमिनीत त्यांचा हिस्सा असू शकतो, बँकेत खाते असू शकते. ते मृत्युपत्रही करू शकतात. ब्रह्मचर्य मात्र त्यांनाही पाळावे लागते, आणि आज्ञापालनाचे वचन द्यावे लागते.

हे वचन कसे देतात ते पाहण्यासारखे आहे. गुरुदीक्षेच्या वेळी तो तरुण बिशपांपुढे गुडघे टेकतो, आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत देतो, आणि बिशप विचारतात की तू माझा आणि माझ्यामागून येणाऱ्यांचा मान राखशील ना, आज्ञा पाळशील ना? तो ‘होय’ म्हणतो. ‘माझ्यामागून येणाऱ्यांचा’ हे शब्द ध्यानात ठेवा. वचन एका माणसाला दिलेले नाही. ज्यांच्या हातांत हात दिला ते बदलून जातात, वारतात, नव्या बिशपांशी एखाद्या फादरांचे जमतही नाही, पण वचन तसेच राहते.

शिवाय त्या फादरांचे नाव एका धर्मप्रांताच्या पटावर असते. चर्चच्या कायद्याला बिनपटाचा, कुठेही भटकणारा फादर मान्य नाही. एका धर्मप्रांतातून दुसऱ्यात कायमचे जायचे तर जुन्या बिशपांचे सोडल्याचे पत्र आणि नव्या बिशपांचे घेतल्याचे पत्र अशी दोन्ही लागतात. गुरुजींना हे लगेच पटेल. शाळा सोडल्याचा दाखला नसला तर दुसऱ्या शाळेत नाव घालताना काय खटाटोप होतो, तो त्यांच्या नेहमीच्या अनुभवातला.

धर्मप्रांतच दुभंगला तर? तसे १९९८ साली झाले. मुंबईच्या धर्मप्रांतातून वसई वेगळी निघाली. मुंबईच्या आर्चबिशपांना वचन दिलेले तिकडचे फादर नव्या वसई धर्मप्रांताचे झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांतलेच. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, वसईच्या हिरवाईसाठी झगडले आणि २०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मप्रांताचा फादर लेखकही असू शकतो आणि चळवळीतही उतरू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागू नये. २०२४ साली ते वारले.

आता अधिकाराकडे येऊ. कोणत्या चर्चला कोण फादर, कोणत्या शाळेवर कोण, उच्च शिक्षणाला कोणाला धाडायचे, हे बिशप ठरवतात. पापांची कबुली ऐकायलासुद्धा फादरांना परवानगी लागते. गंभीर गुन्हा घडला तर बिशप त्यांना काम करायला मनाई करू शकतात. उलट फादरांच्या निर्वाहाची, आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय लावणे हे बिशपांच्या माथी असते. दरवर्षी सुट्टी मिळणे हाही फादरांचा हक्क आहे. आणि आज्ञा कामापुरती. बापाची जमीन अमक्याला विक, असे बिशप आपल्या फादरांना सांगू शकत नाहीत.

सध्याचा चर्चचा कायदा १९८३ सालचा आहे. त्यात चर्चच्या मुख्य फादरांना बरेच संरक्षण आहे. बदली करायची तर बिशपांनी ती लेखी सुचवावी आणि फादरांचे मन वळवावे. फादर ‘नाही’ म्हणाले तर त्यांनी कारणे लिहून द्यावीत. मग बिशपांनी फादरांपैकीच दोघांना बरोबर घेऊन त्या कारणांचा विचार करावा. हे दोघे बिशपांनी आयत्या वेळी पकडून आणलेले नसतात. धर्मप्रांतातल्या फादरांचे एक मंडळ असते, ते या कामासाठी आधीच काहीजण निवडून ठेवते. तरीही बदली योग्य वाटली तर बिशपांनी पुन्हा एकदा समजावून सांगावे, आणि त्यानंतरच पक्का हुकूम काढावा. नेमणूक ठराविक वर्षांसाठी असली आणि ती वर्षे भरली, तर मात्र एवढे सोपस्कार लागत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच बदल्या या जातीच्या असतात, म्हणून त्या भराभर होताना दिसतात.

हुकूमही अन्यायाचा वाटला तर फादरांनी दहा दिवसांत बिशपांकडेच फेरविचाराची लेखी मागणी करायची. तिथे दाद लागली नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत थेट रोमकडे. जबरदस्तीने काढलेल्या फादरांची तक्रार रोमला चालू असेतोवर त्या जागी बिशपांना कायमचा माणूस नेमता येत नाही, हंगामी नेमावा लागतो. वाटेत आर्चबिशप किंवा कार्डिनल कुठेच येत नाहीत, हे पाहिलेत ना? वसईचा फादर मुंबईच्या आर्चबिशपांकडे अपील करू शकत नाही. आर्चबिशप मानाने मोठे खरे, पण शेजारच्या बिशपांच्या फादरांवर त्यांचा हुकूम चालत नाही.

आणि एक गोष्ट तर एकट्या बिशपांच्या हातात नाहीच. फादरांचे फादरपण ते आपल्या सहीने काढून घेऊ शकत नाहीत. त्यासाठी चर्चच्या न्यायासनापुढे खटला चालावा लागतो किंवा रोमचा निर्णय लागतो.

तेव्हा गावाचा अर्ज? तो बिशपांकडेच करावा. आपली गरज आणि आपले मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्क भाविकांना कायद्यानेच दिला आहे. बिशपांनी अर्ज ऐकावा, पण मानलाच पाहिजे असे नाही. माझे मत विचाराल तर ‘आमचे फादर आम्हाला ठेवा’ एवढेच लिहिलेल्या अर्जाचा फारसा उपयोग नाही. वसतिगृहाचे बांधकाम अर्धे आहे, परीक्षा दोन महिन्यांवर आल्या आहेत, असे मुद्द्याचे लिहिलेत तर निदान तारीख पुढे सरकण्याचा संभव असतो.

पण बदलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत बॉस्टनच्या धर्मप्रांतात मुलांवर अत्याचार करणारे काही फादर वर्षानुवर्षे एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये नुसते बदलले गेले. नव्या गावाला त्यांचा पूर्वेतिहास कुणी सांगितला नाही. हे २००२ साली वर्तमानपत्राने उघडकीला आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथले कार्डिनल लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. बिशपांचा हाच अधिकार त्या मुलांच्या मुळावर आला होता. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम केला की असे गुन्हे दडपणाऱ्या बिशपांविरुद्धसुद्धा तक्रार करता येईल आणि तिची चौकशी होईल. मुलांच्या बाबतीत शंका आली तर गावाने अर्जविनंत्यांत वेळ दवडू नये. आपल्या देशाचा कायदा फादरांनाही लागू आहे आणि पोलिसांत तक्रार करायला कोणत्याही बिशपांची परवानगी लागत नाही.

एवढा अधिकार ज्यांच्या हाती जातो ते बिशप होतात कसे? अर्ज करून होत नाहीत, निवडणुकीलाही उभे राहत नाहीत. वय किमान पस्तीस हवे, फादर होऊन पाच वर्षे झालेली हवीत आणि धर्मविद्येत चांगली गती हवी. पोपचे दिल्लीतले वकील गुपचूप चौकशी करतात, फादरांना आणि काही जाणत्या संसारी मंडळींनाही विचारतात आणि तीन नावे रोमला धाडतात. शेवटचा शब्द पोपचा.

व्हॅलेरियन ग्रेशस यांचेच पाहा. १९०० साली कराचीत एका गोवेकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९२६ साली ते फादर झाले आणि १९४६ साली मुंबईचे सहायक बिशप. त्या वेळी आर्चबिशप होते थॉमस रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेजुइट. मुंबईच्या गादीवर आळीपाळीने एक पोर्तुगीज आणि एक इंग्रज बसवायचा, असा पोर्तुगाल आणि रोम यांच्यात १९२८ सालचा करार होता. इथल्या माणसाचा त्यात पत्ताच नव्हता! रॉबर्ट्स यांनी काय केले, तर कारभार ग्रेशस यांच्या हाती सोपवून ते मुंबईबाहेर पडले. पुढे १९५० साली त्यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. अधिकार हातात असताना तो असा सोडून देणारे धर्माधिकारी थोडेच निघतात.

डॉ. थॉमस डाबरे वसईचे. संत तुकारामांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९७१ साली फादर, १९९० साली मुंबईचे सहायक बिशप, १९९८ साली वसईचे पहिले बिशप. आणि २००९ साली? त्यांचीच बदली झाली. पोपनी त्यांना पुण्याला धाडले. तेव्हा वसईकरांनी निरोप दिला तो आपल्या गावच्या माणसालाच.

पंचाहत्तरावे वर्ष भरले की प्रत्येक बिशपांनी पोपकडे राजीनामा द्यायचा असतो. तो केव्हा मंजूर करायचा ते पोप ठरवतात. डॉ. डाबरे २०२३ साली निवृत्त झाले, तेव्हा त्यांना सत्त्याहत्तरावे वर्ष सरत्या वर्षीच पुरे झाले होते. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस तर २०२५ साली, ऐंशी पुरी झाल्यावर मोकळे झाले.

बिशपांची जागा रिकामी पडली आणि रोमने दुसरी व्यवस्था केली नसली, तर फादरांपैकी ठराविक मंडळी आठ दिवसांत एकाला कारभारी निवडतात. या कारभाऱ्याने नवे काही करायचे नसते. चर्चवर मुख्य फादर नेमायचे तर सहसा वर्ष उलटेपर्यंत त्यालाही थांबावे लागते. एरवी रोजच्या मिस्सात फादर पोपच्या नावापाठोपाठ आपल्या बिशपांचे नाव घेतात. या दिवसांत ते नाव गाळतात आणि पुढची प्रार्थना म्हणतात.