प्रवास दोन जिवांचा

सातवा महिना लागला की डोहाळजेवण उरकून माहेरची वाट धरायची, ही आपल्याकडील जुनी रीत. नोकरीनिमित्त देशभर विखुरलेल्या कुटुंबांत ही वाट आता हजार-दीड हजार किलोमीटरांची झाली आहे. तिकीट, सामान, पैसे यांची तजवीज आपण चोख करतो. डासाचा विचार मात्र क्वचितच मनात येतो.

झिका हा विषाणू १९४७ साली युगांडातील त्याच नावाच्या जंगलात एका माकडात प्रथम आढळला. डेंग्यू पसरविणारा एडिस डासच त्याचाही वाहक. बहुतेक बाधितांना काहीच जाणवत नाही. काहींना हलका ताप, पुरळ, सांधेदुखी होते व आठवडाभरात आराम पडतो. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये डोके लहान व मेंदूची वाढ खुंटलेली बालके मोठ्या संख्येने जन्मू लागली, तेव्हा आईचा हा किरकोळ ताप बाळाला किती महाग पडू शकतो हे जगाला उमगले.

हे संकट दूरदेशीचे राहिलेले नाही. २०१८ मध्ये जयपूर, २०२१ मध्ये केरळ व पुरंदर तालुक्यातील बेलसर, तर २०२४ मध्ये पुणे शहरात रुग्ण आढळले. पुण्यातील रुग्णांत गर्भवतीही होत्या. बाधित मातेचे प्रत्येक बाळ सदोष जन्मते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हे प्रमाण शेकडा ५ ते १५ आहे. परंतु या रोगावर लस नाही. म्हणून सावधगिरी हाच उपाय.

तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. साथ असलेल्या ठिकाणी जाणे शक्यतो पुढे ढकलावे. जाणे अटळच असेल, तर अंगभर कपडे वापरावेत व डास पळविणारे मलम डॉक्टरांना विचारून लावावे. एडिस दिवसा चावतो. तेव्हा दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. हा विषाणू शरीरसंबंधातूनही पसरतो. त्यामुळे साथीच्या भागातून परतलेल्या पतीने प्रसूतीपर्यंत निरोध वापरावा किंवा संयम पाळावा. प्रवासानंतर ताप आल्यास मनाने औषध न घेता डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी. प्रवास विम्यात गर्भारपणाचा खर्च अनेकदा वगळलेला असतो, हेही आधी वाचून पाहावे.

कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही बँकेत जोखीम तोलतो, कारण नंतरची वसुली कठीण असते. रद्द केलेल्या तिकिटाचे नुकसान चार महिन्यांत भरून निघते. बाळाच्या आरोग्याचे नुकसान मात्र कोणत्याही खात्यातून भरून काढता येत नाही.