जगदीशचंद्र बोस यांचे वनस्पती-प्रतिसादविषयक संशोधन

जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर १८५८ – २३ नोव्हेंबर १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिक्रियावैज्ञानिक होते. मराठीत त्यांचे आडनाव ‘बसू’ असेही लिहिले जाते. वनस्पती स्पर्श, उष्णता, प्रकाश, विद्युतप्रवाह, विष इत्यादी बाह्य उद्दीपनांना कसा प्रतिसाद देतात, याचा त्यांनी सुमारे १९०० पासून तीन दशके प्रयोगांद्वारे अभ्यास केला. डोळ्यांना न दिसणाऱ्या हालचाली व विद्युतबदल नोंदवण्यासाठी त्यांनी अत्यंत संवेदनक्षम उपकरणे तयार केली. ‘वनस्पतींना जीव असतो हे बोस यांनी शोधून काढले’ असे विधान वारंवार केले जाते. परंतु त्यांचे खरे कार्य याहून वेगळे आणि अधिक नेमके आहे. वनस्पतीच्या प्रतिसादाचे मोजमाप करता येते आणि तिच्या शरीरात एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे विद्युतसंकेत जातात, हे त्यांनी प्रयोगांनी मांडले. त्यांचे काही निष्कर्ष पुढे मान्य झाले, काही त्याज्य ठरले, तर काहींवरील वाद अद्याप चालू आहे.

पार्श्वभूमी

वनस्पतींच्या हालचालींविषयीचे कुतूहल बोस यांच्यापूर्वीचे आहे. चार्ल्स डार्विन यांनी आपला पुत्र फ्रान्सिस यांच्या साहाय्याने केलेले या विषयावरील संशोधन १८८० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी १८७३ मध्ये डार्विन यांच्याच सूचनेवरून जॉन बर्डन सँडरसन या इंग्लिश शरीरक्रियावैज्ञानिकाने व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षक वनस्पतीच्या पानात, पान मिटण्याच्या वेळी, विद्युतबदल होतो असे दाखवले होते. तथापि असे बदल झटपट हालचाल करणाऱ्या मोजक्याच वनस्पतींत होतात आणि सामान्य वनस्पती या अर्थाने संवेदनशून्य असतात, असे त्या काळी मानले जाई.

लाजाळूच्या बाबतीतही असाच एक मतप्रवाह रूढ होता. लाजाळूच्या एका पर्णिकेला इजा झाली की शेजारच्या पर्णिका व पुढे संपूर्ण पान मिटत जाते. हा संदेश कसा पोहोचतो, या प्रश्नाला विल्हेल्म फेफर व गॉटलिब हाबरलांट या शास्त्रज्ञांनी दिलेले उत्तर जलदाबाचे होते. नळीत एका टोकाला दाब दिल्यावर तो पाण्यातून दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तसेच येथेही घडते, असे त्यांचे मत होते. प्राण्यांच्या मज्जातंतूंतून जाणाऱ्या आवेगाशी त्याचा संबंध नाही, असा याचा अर्थ होता.

भौतिकशास्त्राकडून वनस्पतींकडे

बोस यांचे शिक्षण कोलकात्याचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि केंब्रिजचे क्राइस्ट्स महाविद्यालय येथे झाले. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. १८९४ पासून त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांवर केलेल्या संशोधनामुळे त्यांना युरोपात मान्यता मिळाली.

या संशोधनातूनच ते वनस्पतींकडे वळले. तरंग ओळखण्यासाठी ते वापरत असलेल्या धातूंच्या ग्राहकाची संवेदनक्षमता सतत वापराने मंदावते आणि काही काळ विश्रांती दिल्यावर पूर्ववत होते, असे त्यांच्या लक्षात आले. या बदलाचे आलेख थकलेल्या स्नायूच्या आलेखांसारखे दिसत होते. धातू आणि स्नायू यांच्या प्रतिसादांत असे साम्य असेल, तर त्यांच्यामध्ये असणाऱ्या वनस्पतींतही ते आढळले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. या विचाराचा पहिला निबंध त्यांनी १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत वाचला.

त्यानंतरच्या प्रयोगांसाठी त्यांनी मुद्दाम साध्या वनस्पती घेतल्या. त्यांत हॉर्स चेस्टनट वृक्षाची पाने, गाजर, सलगम यांचा समावेश होता. वनस्पतीच्या दोन बिंदूंना विद्युतप्रवाहमापक जोडून एका बिंदूला हलका धक्का किंवा पीळ दिला असता प्रवाहात क्षणिक बदल दिसे. क्लोरोफॉर्म दिल्यावर हा बदल मंदावे. उकळत्या पाण्याने मारलेल्या भागात तो मुळीच दिसत नसे. त्यामुळे हा बदल केवळ यांत्रिक धक्क्याचा परिणाम नसून जिवंत ऊतीचा प्रतिसाद आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

लंडनमधील विरोध

१० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांनी धातू, वनस्पती व स्नायू यांच्या प्रतिसादांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून व्याख्यान दिले. पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीसमोर हाच विषय मांडला असता बर्डन सँडरसन व ऑगस्टस वॉलर या शरीरक्रियावैज्ञानिकांनी त्यास हरकत घेतली. सामान्य वनस्पतींसंबंधी ‘प्रतिसाद’ हा शरीरक्रियाविज्ञानातील शब्द वापरण्यालाच सँडरसन यांचा आक्षेप होता. पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार, निबंधाच्या शीर्षकातील तो शब्द बदलावा ही सूचना बोस यांनी मान्य केली नाही. रॉयल सोसायटीने निबंध प्रसिद्ध न करता दप्तरात ठेवला. १९०२ मध्ये लिनियन सोसायटीने हे संशोधन प्रसिद्ध केले. (गेडिस हे चरित्र प्रसिद्ध झाले तेव्हा, म्हणजे १९२० मध्ये, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.)

या विरोधात वैज्ञानिक शंका होती, तसेच भौतिकशास्त्रज्ञाने दुसऱ्याच्या क्षेत्रात प्रवेश केल्याची नाराजीही होती. याचा बोस यांच्या कामाच्या पद्धतीवर खोल परिणाम झाला. यापुढे वनस्पतीच्या प्रतिसादाची नोंद निरीक्षकाच्या हाताने न होता वनस्पतीनेच आपली नोंद लिहावी, अशा उपकरणांच्या रचनेवर त्यांनी भर दिला.

उपकरणे

बोस यांची उपकरणे कोलकात्यात स्थानिक कारागिरांच्या हातून तयार झाली. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे होत :

अनुस्पंदन लेखक – पानाला जोडलेली तरफ काजळी धरलेल्या काचेवर रेघ ओढते, ही नोंदीची रूढ पद्धत होती. परंतु पानाची शक्ती इतकी अल्प असते की काचेच्या घर्षणानेच त्याची हालचाल विकृत होते. बोस यांनी लेखणी काचेला सतत टेकलेली न ठेवता, विद्युतचुंबकाच्या साहाय्याने ठरावीक कंपनसंख्येने काचेवर टोचे मारील अशी योजना केली. त्यामुळे घर्षण जवळजवळ नाहीसे झाले. शिवाय दोन ठिपक्यांमधील काळ निश्चित असल्याने, सेकंदाच्या अंशांपर्यंतचा काळही त्याच आलेखावर मोजता येऊ लागला.

क्रेस्कोग्राफ – वनस्पतीची वाढ मोजणारे उपकरण. यातील पहिली तरफ हालचाल १०० पट मोठी करते व दुसरी तरफ ती पुन्हा १०० पट वाढवते. अशा रीतीने एकूण वर्धन १०,००० पट होते. ताशी एक मिलिमीटर वाढणाऱ्या रोपाची एका सेकंदातील वाढ मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागापेक्षाही कमी असते; या उपकरणात तीच वाढ जवळजवळ तीन मिलिमीटर इतकी दिसते. त्यामुळे खत, विष किंवा तापमानबदल यांचा वाढीवरील परिणाम काही मिनिटांत पाहता येऊ लागला. पुढील चुंबकीय क्रेस्कोग्राफमध्ये चुंबकसूची व आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण यांच्या योगे वर्धन दहा लाख पटींच्याही पुढे नेण्यात आले.

मृत्युलेखक – वनस्पतीला हळूहळू उष्णता देऊन तिच्या हालचालीची नोंद करणारे उपकरण. सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाला आलेखात एकाएकी तीव्र बदल होतो व त्यानंतर प्रतिसाद कायमचा थांबतो, असे बोस यांना आढळले.

प्रमुख प्रयोग

लाजाळू. उद्दीपन दिल्यापासून पानाची हालचाल सुरू होईपर्यंतचा काळ सुमारे एक दशांश सेकंद असतो, असे बोस यांनी मोजले. देठातून आवेग सेकंदाला सुमारे ३० मिलिमीटरपर्यंतच्या वेगाने जातो, असेही त्यांना दिसले. माणसाच्या वेगवान मज्जातंतूंतील आवेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास जातो, हे लक्षात घेता लाजाळूचा वेग अतिशय मंद आहे.

जलदाबाच्या कल्पनेची परीक्षा करण्यासाठी त्यांनी तीन प्रकारचे प्रयोग केले. देठाचा लहानसा भाग थंड केला असता आवेगाचा वेग घटला व पुढे तो थांबला. त्या भागावर विषारी द्रव्य लावले असतानाही आवेग अडला. तसेच, कोणतीही यांत्रिक हालचाल होणार नाही इतक्या क्षीण विद्युतप्रवाहानेही पान मिटवता आले. नळीतील दाबाच्या प्रसारणाला या गोष्टींनी अडथळा येण्याचे कारण नाही. म्हणून लाजाळूतील संदेश हा प्राण्यांच्या मज्जा-आवेगासारखा, पेशीपेशींतून पुढे जाणारा उत्तेजनाचा प्रवाह आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. पुढे बारीक विद्युतशलाका देठात थोडी थोडी आत सरकवून, हे वहन मुख्यतः रसवाहिनीच्या ऊतीतून होते, असे त्यांनी दाखवले.

डेस्मोडियम जायरन्स. इंग्रजीत टेलिग्राफ वनस्पती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वनस्पतीच्या लहान पर्णिका बाह्य स्पर्शाशिवाय आपोआप खालीवर होत राहतात. भूल देणारी द्रव्ये, तापमान व विषे यांचा या स्पंदनांवर होणारा परिणाम बोस यांनी नोंदवला व त्याची तुलना प्राण्यांच्या हृदयस्पंदनांशी केली.

फरीदपूरचा खजूर. पूर्व बंगालमधील (आता बांगलादेश) फरीदपूर येथे एक तिरपे वाढलेले खजुराचे झाड होते. सायंकाळी देवळातील घंटा वाजण्याच्या सुमारास ते नमस्कार करावा तसे झुकलेले असे आणि सकाळी पुन्हा वर उचललेले दिसे. त्यामुळे त्याला दैवी मानून लोक दर्शनास येत. बोस यांनी झाडाला लेखक-उपकरण जोडून रात्रंदिवस नोंद घेतली. तापमान वाढले की खोड खाली येते व तापमान उतरले की वर जाते, असे आलेखावरून स्पष्ट झाले. चमत्काराचे निराकरण झाले. त्याबरोबरच, टणक खोडाचा वृक्षही सतत सूक्ष्म हालचाल करीत असतो, ही अधिक व्यापक गोष्ट पुढे आली.

बोस इन्स्टिट्यूट व १९२० ची चाचणी

प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९१५ मध्ये निवृत्त झाल्यावर बोस यांनी ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट ही संशोधनसंस्था स्थापन केली. भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सीमेवरील प्रश्नांचा अभ्यास करणारी ही भारतातील आरंभीची संस्था होय.

१९२० मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांतून क्रेस्कोग्राफच्या विश्वासार्हतेवर वॉलर यांनी पुन्हा शंका घेतली. तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये उपकरणाचे प्रात्यक्षिक झाले. रॅले, बेलिस, ब्लॅकमन प्रभृती शास्त्रज्ञांनी ते पाहून, उपकरण वनस्पतीच्या वाढीची नोंद बिनचूक करते, असे जाहीर पत्राद्वारे कळवले. त्याच वर्षी बोस यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. ज्या संस्थेने त्यांचा निबंध दप्तरात ठेवला होता, तिनेच १९ वर्षांनी दिलेली ही मान्यता होती.

उत्तरकालीन मूल्यमापन

उपकरण अचूक असणे आणि त्याच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष बरोबर असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोस यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा भेद महत्त्वाचा ठरतो.

त्यांचा रसारोहणाचा सिद्धांत टिकला नाही. मुळांतील पाणी शेंड्यापर्यंत चढते ते आतील जिवंत पेशींच्या स्पंदनामुळे, असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. पानांतून होणारे बाष्पोच्छ्वासाचे खेचणे आणि जलरेणूंचे परस्पर आकर्षण यांवर आधारलेले, डिक्सन व जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलेले स्पष्टीकरणच आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

लाजाळूतील संदेशवहनाबाबत चित्र संमिश्र आहे. इटालियन शास्त्रज्ञ उबाल्डो रिक्का यांनी १९१६ मध्ये लाजाळूच्या एका जातीचे खोड कापून दोन तुकडे पाणी भरलेल्या नळीने जोडले. तरीही संदेश पलीकडे गेला. म्हणजे तो रासायनिक द्रव्यानेही वाहून नेला जाऊ शकतो. लाजाळूमध्ये शीघ्र विद्युत-आवेग, तसेच जखमेनंतर पसरणारे मंद विद्युतबदल असे एकाहून अधिक प्रकारचे संकेत असतात, असे आज मानले जाते. मंद बदलांमागे जलदाब व रासायनिक द्रव्ये यांचाही हात असतो. त्यामुळे बोस आणि त्यांचे प्रतिपक्षी या दोघांच्याही म्हणण्यात तथ्यांश होता.

सामान्य वनस्पतींतही विद्युतसंकेत असतात, हे बोस यांचे मूळ विधान मात्र उत्तरोत्तर बळकट झाले. १९९२ मध्ये टोमॅटोच्या रोपांवरील प्रयोगांतून, एका पानाला झालेल्या जखमेची वार्ता विद्युतसंकेताने दुसऱ्या पानापर्यंत जाते व तेथे संरक्षक प्रथिने तयार करणारी जनुके कार्यान्वित होतात, असे दिसून आले. २०१३ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत या संकेतांसाठी आवश्यक जनुके ओळखण्यात आली. ही जनुके प्राण्यांच्या मज्जासंस्थेतील ग्लुटामेट-ग्राहकांशी साम्य असलेली आहेत. २०१८ मध्ये त्याच वनस्पतीत जखमेपासून दूरच्या पानांपर्यंत पसरणारी कॅल्शियमची लाट चित्रित करण्यात आली.

प्रचलित समज

वनस्पती सजीव आहेत, हे बोस यांच्या आधी शतकानुशतके ज्ञात होते. त्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. वनस्पतींना माणसासारख्या वेदना व भावना असतात हे बोस यांनी सिद्ध केले, असेही लिहिले जाते. त्यांच्या आलेखांतून उद्दीपन, प्रतिसाद, थकवा व मृत्यू यांची नोंद मिळते. अनुभूतीची नोंद त्यांतून मिळत नाही. ‘मज्जा’, ‘हृदय’ यांसारखे शब्द बोस यांनी स्वतः वापरल्यामुळे हा समज पसरण्यास हातभार लागला. वनस्पतींमध्ये मज्जापेशी किंवा मेंदू नसतो. त्यांच्या संकेतवहनासाठी ‘वनस्पती-मज्जाविज्ञान’ ही संज्ञा वापरावी की नाही, यावर २००६ नंतर शास्त्रज्ञांत पुन्हा तीव्र मतभेद झाले. ‘प्रतिसाद’ या शब्दावरून १९०१ मध्ये उपस्थित झालेला प्रश्न अशा रीतीने नव्या शब्दांच्या संदर्भात आजही चर्चेत आहे.