जुन्या संगणकाचे नवे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार काढून घेतला. त्याची झळ शास्त्री-सोनवीच्या संगमावरील संगमेश्वरातल्या घरगुती संगणकांनाही लागणारच. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नाही म्हणून धडधाकट यंत्र भंगारात का घालावे? लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेले लिनक्स विनामूल्य मिळते आणि पेनड्राइव्हवरून आधी पारखताही येते.

खरी अडचण निराळीच आहे. शिक्षकांनी वर्षानुवर्षे जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलेल्या प्रश्नपत्रिका, तो फाँट नसला की, निरर्थक रोमन अक्षरांचा कालवा होऊन बसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, एक प्रत बाहेर ठेवावी. हार्ड डिस्क पुसण्याची घाई त्यानंतर.