पाणी आपणहून पेटत नाही

काळोखात निळंशार उजळलेलं पाणी, त्यावर पारदर्शक कयाक आणि कयाकमध्ये हसऱ्या चेहऱ्याचं जोडपं. पोर्तो रिकोतल्या ‘बायो बे’ सहलींच्या जाहिरातींत असा फोटो हमखास दिसतो. पाणी चमकतं, हे खरं. पण फोटो बहुधा जुळवलेला असतो. चेहरे स्वच्छ दिसतील एवढा उजेड असेल, तर पाण्यातली मंद चमक त्यात बुडून जाते. चमक टिपायची, तर कॅमेऱ्याचं शटर कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ डुलत्या कयाकमधला चेहरा काही स्थिर राहत नाही. या सहलींबद्दलचे निम्मे गैरसमज अशा फोटोंतून निघालेत. उरलेले निम्मे जुने आहेत, फोटोच्याही आधीचे.

आधी जागा समजून घेऊ. पोर्तो रिको हा कॅरिबियन समुद्रातला अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश. तिथे अशा तीन जागा प्रसिद्ध आहेत: फाहार्दोजवळची लागुना ग्रांदे, नैर्ऋत्येकडची ला पार्गेरा आणि व्हिएकेस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा मॉस्किटो बे. यातला मॉस्किटो बे सगळ्यांत तेजस्वी. गिनीज बुकानेही तशी नोंद केली आहे. चमकणाऱ्या जीवाचं नाव पायरोडिनियम बहामेन्स. हा एकपेशीय जीव डायनोफ्लॅजेलेट गटातला. त्याला ना धड वनस्पती म्हणता येत, ना प्राणी. हरितद्रव्य आहे म्हणून तो उन्हावर अन्न तयार करतो आणि दोन शेपट्या आहेत म्हणून पोहतोही. आकार मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. मॉस्किटो बेच्या एका लिटर पाण्यात हे जीव लाखाच्या घरात भरतात.

“पाण्यात फॉस्फरस असतो, तो चमकतो”

हे आपल्याकडे किनाऱ्यावर सर्रास ऐकायला मिळतं. फॉस्फरसचा इथे काहीएक संबंध नाही. राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1880 च्या दशकात चमकणारे भुंगेरे आणि शिंपले घेऊन एक साधा प्रयोग केला. चमकणाऱ्या अवयवाचा एक अर्क थंड पाण्यात काढला आणि तो विझेपर्यंत ठेवून दिला. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला, तिथेही अंधारच. मग दोन्ही एकत्र केले, तर मिश्रण पुन्हा उजळलं. म्हणजे चमकायला दोन पदार्थ लागतात: एक जळणारा, दुसरा जाळणारा, आणि हा दुसरा उष्णतेने निकामी होतो. त्यांना त्याने ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज अशी नावं दिली. पायरोडिनियममध्येही अशीच जोडी काम करते, मात्र त्याचं ल्युसिफेरिन काजव्याच्या ल्युसिफेरिनपेक्षा पूर्ण वेगळं आहे. त्याची रचना हरितद्रव्याच्या जवळची आहे. ‘समुद्रातले काजवे’ म्हणायला छान वाटतं, पण काजव्याशी त्यांचं नातं नाही.

“दिवसा ऊन साठवतात आणि रात्री सोडतात”

उजेड शोषून अंधारात चमकणाऱ्या घड्याळासारखी ही कल्पना. अर्धी बरोबर आहे, कारण दिवसभराच्या उन्हावर तयार झालेलं अन्नच रात्री खर्च होतं. पण वेळ ठरवतं कोण? 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियात बिअ‍ॅट्रिस स्वीनी आणि वुडी हेस्टिंग्ज यांनी याच गटातल्या दुसऱ्या एका जीवाला प्रयोगशाळेत सतत सारख्याच मंद उजेडात ठेवलं. ना सूर्योदय, ना सूर्यास्त. तरी तो दिवसाच्या वेळी मिणमिणता आणि रात्रीच्या वेळी लख्ख, असं चक्र दिवसेंदिवस चालू राहिलं. पेशीच्या आत घड्याळ आहे, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या भक्कम पुराव्यांपैकी हा एक. त्या जातीत तर चमकण्याची यंत्रणा रोज संध्याकाळी नव्याने बांधली जाते आणि पहाटे मोडून टाकली जाते. म्हणूनच भर दिवसा काळ्या कापडाखाली बादली धरून ‘दाखवा बघू चमक’ म्हटलं, तरी फारसं काही हाती लागत नाही.

“खाडीभर उजेड पसरलेला असतो”

सगळ्यांत मोठा अपेक्षाभंग इथे होतो. कयाक पाण्यात ढकलतात तेव्हा समोर असतो तो निव्वळ काळोख. पाणी शांत असेल तर मॉस्किटो बेही इतर कुठल्याही खाडीइतकाच काळा. वल्हं पाण्यात घातलं की त्याच्या पात्याभोवती फिकट धुराचा लोट उठतो, भोवरे फिरत मागे जातात आणि क्षणात विझतात. हात बुडवून वर काढला की मनगटावरून ओघळणाऱ्या पाण्यात ठिणग्या धावतात. खालून मासा सुसाट गेला की मासा दिसत नाही, त्याची रेघ दिसते. पावसाची सर आली तर प्रत्येक थेंब जिथे पडतो तिथे एक ठिपका उठतो, आणि माझ्या मते तो देखावा वल्ह्याने काढलेल्या कुठल्याही नक्षीपेक्षा सरस आहे. एरवी पर्यटक पावसाला शिव्या देतात. इथे जरा थांबावं.

आत घडतं ते असं. पाणी हललं की पेशीच्या पडद्यावर ताण येतो. त्या ताणाने पेशीभर विजेची लहर धावते, आतल्या आम्लयुक्त पोकळीचे दरवाजे उघडतात आणि आम्ल चमकणाऱ्या कणांत शिरतं. त्याबरोबर ल्युसिफेरिन जळतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, कारण एक चमक टिकते साधारण सेकंदाचा दहावा भाग. आपल्याला सलग उजेड वाटतो तो हजारो पेशी पाठोपाठ चमकून विझतात म्हणून.

यातून दुसरा गैरसमज निघतो: जितकं खळबळवू तितकं चमकेल. पेशीजवळचा साठा मर्यादित आहे. एकाच जागी पाणी घुसळत राहिलं, तर चमक मिनिटामिनिटाला फिकी पडत जाते आणि साठा भरून यायला वेळ लागतो. घोळक्यातल्या शेवटच्या कयाकवाल्याला पुढच्यांनी विझवून ठेवलेलं पाणी मिळतं. वाटाड्या बाजूला वळायला सांगत असेल, तर ऐकावं.

आणि चमकायचं कशासाठी? आपल्यासाठी नक्कीच नाही. डायनोफ्लॅजेलेट खाणारे कोपेपॉड नावाचे चिमुकले कवचधारी प्राणी पाण्यात असतात. अचानक उजेड झाला की ते दचकून दूर पळतात. शिवाय 1943 मध्ये मार्टिन बर्कनरोड यांनी एक तर्क मांडला: उजेड म्हणजे चोर पकडून देणारी घंटा. कोपेपॉड चरायला आला की आजूबाजूचं पाणी चमकतं, त्याची जागा उघडी पडते आणि त्याच्यावर टपलेला मासा त्याला उचलतो. पुढे प्रयोगांत खरोखरच दिसलं, की चमकणारे जीव पाण्यात असले तर काळोखातही माशांना कोपेपॉड जास्त सापडतात. आपण वल्हं मारतो तेव्हा त्या पेशींच्या लेखी आपणही एक चरायला आलेलं जनावर असतो.

“पाणी गडद निळं दिसतं”

प्रकाश निळाच असतो, तरंगलांबी 475 नॅनोमीटरच्या जवळपास. पण इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ बंद असतात आणि काम चालतं ते रंग न कळणाऱ्या पेशींवर. म्हणून बहुतेकांना चमक पांढुरकी, राखाडी, फार तर निळसर झाक असलेली दिसते. कॅमेऱ्याला अशी अडचण नसते. तो प्रकाश गोळा करत राहतो आणि गडद निळा रंग दाखवतो. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि शेजारच्याने एकदा मोबाइलचा पडदा उजळला की बराचसा सराव वाया जातो. पैसे मोजून काळोखात गेलेल्यांनी सगळा वेळ फोनमध्ये बघावं, हे मला तरी कळलेलं नाही.

“निसर्गाचं देणं आहे, कायम तसंच राहील”

2014 च्या सुरुवातीला मॉस्किटो बे अचानक अंधारला आणि काही महिने सहली बंद ठेवाव्या लागल्या. त्याआधी नोव्हेंबर 2013 मध्ये लागुना ग्रांदेही विझली होती. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको झोडपून काढलं, तेव्हा मॉस्किटो बे पुन्हा काळा झाला. चमक परतली ती पुढच्या वर्षी.

या जागा इतक्या दुर्मिळ का, याचं उत्तर त्यांच्या ठेवणीत आहे. मॉस्किटो बे उथळ आहे आणि त्याला तांब्यासारखं अरुंद तोंड आहे. भरती-ओहोटीला पाणी आत-बाहेर होतं, पण सावकाश, त्यामुळे आतले जीव समुद्रात वाहून जात नाहीत. काठावर कांदळवन आहे; त्याची पानं कुजून पाण्यात पोषक द्रव्यं उतरतात, त्यांत डायनोफ्लॅजेलेटना हवी असणारी जीवनसत्त्वंही येतात. पाणी बारमाही उबदार आणि खारं. मोठ्या पावसाने गोडं पाणी आणि गाळ आत आला, वादळाने काठ उद्ध्वस्त केला किंवा तोंडाशी पाण्याची ये-जा बदलली, की हा ताळमेळ बिघडतो.

वाटाडे एक गोष्ट रंगवून सांगतात: पाण्यातला उजेड हा सैतानाचा खेळ समजून स्पॅनिश लोकांनी खाडीचं तोंड दगडांनी बुजवायला घेतलं आणि त्यामुळे चमक उलट वाढली. गोष्ट झकास आहे. इतिहास म्हणून घेऊ नये. खरा इतिहास अधिक विचित्र आहे. व्हिएकेसचा मोठा भाग कित्येक दशकं अमेरिकी नौदलाकडे होता आणि तिथे बॉम्बफेकीचा सराव चाले. स्थानिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर 1 मे 2003 रोजी नौदलाने बेट सोडलं. ज्या नौदलाने बेटाची आणि बेटकरांची एवढी हानी केली, त्याच्याच कुंपणामुळे दक्षिणेकडचा किनारा हॉटेलांपासून आणि त्यांच्या दिव्यांपासून वाचला. सोडलेल्या जमिनीवर आता राष्ट्रीय अभयारण्य आहे. खाडीला स्वतःला अमेरिकेचा राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून 1980 मध्येच मान्यता मिळाली होती.

“चमकतंय म्हणजे पोहायला हरकत नाही”

मॉस्किटो बे आणि लागुना ग्रांदे, दोन्हीकडे पोहायला बंदी आहे. अंगाला फासलेलं सनस्क्रीन आणि डास पळवणारं औषध पाण्यात उतरतं, ते या जीवांना बाधतं. तेव्हा काठावर डास चावतील हे धरून लांब बाह्यांचे कपडे घालावेत. बाटली भरून घरी नेण्याचा मोहही टाळावा. बाटलीत हे जीव तग धरत नाहीत.

विषाचा प्रश्न मात्र एका वाक्यात सुटत नाही. पायरोडिनियमचाच हिंदी-प्रशांत महासागरातला प्रकार सॅक्सिटॉक्सिन हे जहाल विष तयार करतो. ते शिंपल्यांत साठतं, शिजवल्याने जात नाही आणि खाणाऱ्याचे स्नायू लुळे पडतात. फिलिपिन्समध्ये 1983 पासूनच्या दोन दशकांत दोन हजारांवर लोकांना अशी बाधा झाली, शंभराहून अधिक दगावले. अटलांटिकमधला प्रकार निर्धोक आहे असा समज होता, पण 2002 पासून फ्लोरिडात फुगा मासा खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा विषाचा माग त्याच्यापर्यंतच पोचला. त्या पाण्यातून वल्हवत जाण्यात धोका नाही. अशा पाण्यातल्या शिंपल्या तपासणीशिवाय ताटात घेण्यात आहे.

“आपल्या कोकणातही तेच दिसतं”

थंडीच्या तोंडावर सिंधुदुर्ग, रत्नागिरीपासून जुहूपर्यंत निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरू लागतात. तो उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाचा असतो. हाही डायनोफ्लॅजेलेट, पण आकाराने कितीतरी मोठा, नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसू शकणारा. त्याला स्वतःचं हरितद्रव्य नाही. तो इतर जीव गिळतो. अरबी समुद्रातल्या त्याच्या हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र हिरवे सूक्ष्मजीव राहतात आणि त्याला आयतं अन्न पुरवतात. मॉस्किटो बेमध्ये पायरोडिनियमचा बारा महिने मुक्काम असतो, तर कोकणात नॉक्टिल्युका एकदम फोफावतो आणि काही दिवसांत ओसरतो.

नॉक्टिल्युका सॅक्सिटॉक्सिन करत नाही, पण दाट थर मेला की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, अमोनिया वाढतो आणि मासळीवर परिणाम होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पूर्वी काम केलेले जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी 2014 मध्ये अरबी समुद्रातल्या या वाढीचा संबंध ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्याशी जोडला. त्यावर इतर संशोधकांनी वेगळी मतंही मांडली आहेत. तेव्हा ‘निळी लाट म्हणजे स्वच्छ समुद्र’ हे जेवढं चूक, तेवढंच ‘निळी लाट म्हणजे गटाराचं पाणी’ हेही घाईचं. कयाकमधूनच हा अनुभव घ्यायचा असेल, तर भारतात अंदमानच्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, कांदळवनातून रात्रीच्या सहली निघतात.

“पौर्णिमेला हे जीव चमकत नाहीत”

चमकतात. फक्त चांदण्यात ती चमक उठून दिसत नाही. यावर उपाय कॅलेंडरात आहे आणि तो मराठी घरांना शिकवायची गरज नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर करतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, की वद्य चतुर्थीला तो नऊच्या आसपास येतो. म्हणजे त्या दिवसापासून अमावास्येपर्यंत संध्याकाळी सात-साडेसातची पहिली फेरी पुरेशा काळोखात होते. शुद्ध पक्षात उलट: चंद्र आधीच आभाळात असतो, तेव्हा पहिले तीन-चार दिवस उशिराची फेरी घ्यावी आणि अष्टमीनंतर बेत पुढे ढकलावा. तिथी व्हिएकेसलाही जवळपास तीच असते. चंद्रोदयाची वेळ तेवढी तिथली बघायची. आभाळ भरून आलंय म्हणून बुकिंग रद्द करायची घाई करू नये, ढगाआडच्या चंद्राचा फायदाच होतो. विजा चमकत असतील, तर सहल नेणारे स्वतःच थांबवतात.