चूक माणसाची नव्हे, अवजाराची!



नवी तिफण करून आणली, की तुम्ही ती एकदम साऱ्या रानात घालत नाही. आधी दोन-चार तासं काढून पाहता. तिन्ही नळ्यांतून दाणा सारखा पडतो का, फण वर तर येत नाही ना, हे मागे वळून न्याहाळता. खटकले तर तिफण सुताराकडे परत जाते. 'तुम्हालाच पेरता येत नाही,' असे कोणी म्हणत नाही.

फोनवर चालणाऱ्या अ‍ॅपचीही अशीच पारख करायची असते. ती कशी, हे एका संग्रहालयाच्या गोष्टीवरून पाहू.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात 'एक्सप्लोरेटोरियम' नावाचे विज्ञान संग्रहालय आहे. पदार्थवैज्ञानिक फ्रँक ओपनहायमर यांनी ते १९६९ साली सुरू केले. हा मोठा मजेदार माणूस. राजकीय चौकशीपायी १९४९ साली विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात काही वर्षे गुरे पाळली आणि मग तिथल्या शाळेत विज्ञान शिकवले. त्यांच्या संग्रहालयात 'हात लावू नका' ही भाषा नाही. चाक फिरवा, पाणी हलवा, वाळू सरकवा आणि स्वतःच समजून घ्या, अशी तिथली तऱ्हा.

२००२ च्या सुमारास या संग्रहालयाने संगणक बनवणाऱ्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधकांबरोबर एक प्रयोग केला. पाहुण्याच्या हातात तळहाताएवढा संगणक द्यायचा. तो ज्या वस्तूपाशी जाईल तिची माहिती त्यावर दिसेल. आजच्या अ‍ॅपचाच हा थोरला भाऊ म्हणा ना! कल्पना कागदावर झकास होती. पण संशोधकांनी कच्चा नमुनाच लोकांच्या हाती देऊन पाहिला.

तेव्हा खरी गोष्ट उघडी पडली. वस्तू हाताळायला दोन्ही हात लागत. मग संगणक धरायचा कुठे? हातातून पडेल ही धास्ती वेगळीच. डोळे पडद्याला चिकटले, की समोरची वस्तू आणि बरोबरचे माणूस दोन्ही दुरावत.

संशोधकांनी दोष पाहुण्यांना दिला नाही. त्यांनी यंत्राचे कामच बदलायला घेतले. जागेवर माहिती वाचायला लावण्याऐवजी, पाहुण्याने काय पाहिले याची नोंद आणि छायाचित्र ठेवायचे, म्हणजे घरी गेल्यावर त्याला ते निवांत पाहता येईल. हात मोकळे, मन मोकळे!

अशा चाचणीची रीत साधी आहे. माणसाला एक काम सांगायचे, अ‍ॅप हातात द्यायचे आणि आपण गप्प बसायचे. बोट कुठे अडते, कपाळाला आठी कधी पडते, ते टिपायचे. 'आवडले का?' असे विचारून भागत नाही; भिडेखातर सगळेच 'छान आहे' म्हणतात. फार माणसेही लागत नाहीत. पाच जणांकडून पारख केली तरी सुमारे ८५ टक्के अडचणी कळतात, असा हिशेब या विषयाचे जाणकार जेकब निल्सन यांनी २००० साली मांडला.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला याचे काय? आहे, वाचकहो! २०२१ पासून महाराष्ट्रात पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करण्याची सोय झाली आहे. नोंद अडली, तर सात-बारावरचा पिकाचा रकाना कोरा राहू शकतो. बाजारभाव, हवामान, बँक सारेच आता फोनवर आहे.

म्हणून कोणी नवे अ‍ॅप दाखवायला गावात आले, तर ते चावडीच्या सावलीत पाहून मान डोलवू नका. रानात, उन्हात, मातीच्या हातांनी चालवून पाहा. घरातल्या कारभारणीच्या आणि आजोबांच्याही हाती द्या. जिथे अडेल तिथे 'इथे अडले' असे स्पष्ट सांगा. 'आम्ही अडाणी, आम्हाला काय कळणार' हे शब्द मात्र तोंडातून काढू नका. नळी तुंबली तर दोष पेरणाऱ्याचा नसतो. तो वेळीच सांगितला, तर पुढच्या शंभर जणांची पेरणी नीट होते.