खरी उडी आणि अमेरिकेचा प्रेक्षक

१९७३ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या चित्रपट-व्यवसायात एक नवल घडले. कोणत्या चित्रपटाने किती गल्ला जमवला याची यादी तेथील 'व्हरायटी' हे पत्र दर आठवड्याला छापत असे. १६ मेच्या यादीत पहिली तिन्ही स्थाने परदेशातून आलेल्या मारधाडीच्या चित्रपटांनी पटकावली होती. पहिला ब्रूस लीचा 'फिस्ट्स ऑफ फ्युरी', दुसरा अँजेला माओ या नटीचा 'डीप थ्रस्ट' आणि तिसरा 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ'. तिन्ही हाँगकाँगचे, तिन्ही चिनी भाषेतले, आणि तिन्हींवर इंग्रजी आवाज वरून चढवलेले.

वाचकहो, ज्या देशाचे चित्रपट सारे जग पाहते तो देश स्वतः दुसऱ्यांचे चित्रपट फारसे पाहत नाही. आम्हा बेटावरच्या लोकांना याचे आश्चर्य वाटते. येथे अमेरिकन नट पडद्यावर फ्रेंच बोलतो, हिंदी चित्रपटाखाली फ्रेंच ओळी धावतात, आणि प्रेक्षक शेजाऱ्याशी क्रेओलमध्ये गप्पा मारत ते सर्व पचवतो. अमेरिकन प्रेक्षकाला मात्र पडद्याखालच्या ओळी वाचणे जिवावर येते. परक्या भाषेचा चित्रपट म्हणजे मोठ्या शहरातील एखाद्या लहान थिएटरात शिकल्यासवरल्या मंडळींनी पाहण्याची वस्तू, असाच तेथे समज होता. मग हे तीन चित्रपट चालले कसे?

आवाजामुळे नक्कीच नव्हे. ओठ हलून थांबत आणि वाक्य मागाहून येई. लोक त्याला हसत. खरे तर हाँगकाँगमध्येही त्या काळी आवाज मागाहूनच भरत असत, त्यामुळे सगळा दोष अमेरिकेतील भाषांतरकारांचा नव्हता. नावांचाही गोंधळ होता. 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' म्हणजे मूळचा 'द बिग बॉस', आणि मूळचा 'फिस्ट ऑफ फ्युरी' तेथे 'द चायनीज कनेक्शन' झाला. पण प्रेक्षक नाव वाचायला आलेच नव्हते. माणूस खरोखर उडी मारतो, खरोखर पडतो, पुन्हा उठतो, हे पाहायला ते आले होते.

हे प्रेक्षक कोण होते तेही पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरील स्वस्त थिएटरांत आणि मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत हे चित्रपट सर्वांत जास्त गाजले. तेथे काळ्या तरुणांची गर्दी असे. 'द बिग बॉस'ची कथा आठवा. एक चिनी तरुण पोटासाठी थायलंडला जातो आणि बर्फाच्या कारखान्यात मजूर म्हणून लागतो. भांडण करणार नाही, असे त्याने आईला वचन दिलेले असते. सोबतचे मजूर एकेक करून नाहीसे होतात, मालक गोड बोलतो, आणि शेवटी त्या तरुणाचा हात उठतो. परमुलुखात मजुरी, गोड बोलणारा मालक आणि हिशेब न लागणारी माणसे! ज्यांचे पणजोबा गिरमिटावर उसाच्या मळ्यांत आले त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. न्यूयॉर्कच्या काळ्या मुलांनाही लागली नाही. त्यांतलीच पुढची पिढी इतकी भारावली की स्टेटन आयलंडच्या 'वू-टँग क्लॅन' या गायकांनी १९९३ सालच्या आपल्या पहिल्या संग्रहाचे नाव शाओलिनच्या एका चित्रपटावरून ठेवले.

ब्रूस ली स्वतः १९४० साली सान फ्रान्सिस्कोत जन्मला होता, म्हणजे जन्माने अमेरिकन. पण आपल्याच देशात नायक होण्यासाठी त्याला हाँगकाँगला जाऊन परत यावे लागले. २० जुलै १९७३ रोजी तो वारला, आणि 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला तो त्यानंतरच्या महिन्यात.

आता 'खरे' म्हणजे काय, याचा विचार करू. आमच्या आजोबांच्या तोंडून कोकणातील डोंबाऱ्याच्या खेळाचे वर्णन आम्ही ऐकले आहे. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चढली की ढोल थांबे आणि गर्दी गप्प होई. ती का गप्प होई? पोर पडू शकते हे प्रत्येकाला ठाऊक असे म्हणून. नाटकात राजा मेला तर कोणी उठून पाहत नाही. दोरी हलली की मात्र सारे उभे राहतात. हाँगकाँगच्या दिग्दर्शकांनी ही गोष्ट ओळखली होती. कॅमेरा लांब ठेवायचा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्यायचा आणि उडीच्या मध्येच चित्र तोडायचे नाही. १९८३ सालच्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छते फाडीत जमिनीवर आदळतो. ते पडणे चित्रपटात एकदा दाखवून भागत नाही, पुन्हा दाखवले जाते. कथेला त्याची गरज नाही. 'पाहा, मीच पडलो' एवढेच त्याला सांगायचे आहे.

गंमत अशी की ही विद्या जॅकीने अमेरिकेकडूनच उचलली. ते घड्याळ हॅरॉल्ड लॉइडचे. १९२३ सालच्या 'सेफ्टी लास्ट'मध्ये लॉइड उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. त्याआधीच, १९१९ साली, एका स्फोटात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट गेले होते! (दुरून घेतलेल्या चढाईच्या दृश्यांत मात्र दुसरा माणूस होता, हेही सांगितले पाहिजे.) बस्टर कीटन त्याच्याही पुढचा. १९२८ सालच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये सुमारे दोन टन वजनाची घराची भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो उघड्या खिडकीच्या चौकटीत बरोबर सापडून वाचतो. दोन-चार इंच इकडे-तिकडे उभा असता तर संपलाच होता. त्या मूकपटांना भाषा नव्हती, म्हणून ते मुंबईपासून मोरोक्कोपर्यंत कोणालाही कळत.

मुंबईचे नाव उगाच घेतलेले नाही. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळात उड्या आणि तलवारबाजीसाठी इतके गाजले की लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. १९३१ साली पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला तेव्हा नायक तेच होते. पण त्यांची हिंदुस्थानी भाषा कच्ची पडली, आणि बोलपटाच्या या नायकाला बराच वेळ न बोलताच ठेवावे लागले. अंगात जे होते ते जिभेने हिरावून घेतले. गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी स्टंटपट पुढे चालू ठेवले, पण स्वस्तातले, कामगार वस्तीसाठी. शिष्ट मंडळींनी नाके मुरडली. ४२व्या रस्त्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

अमेरिकेतही बोलपटाबरोबर नट बोलू लागले आणि पडण्याचे काम दुसऱ्यांकडे गेले. ती माणसे कसबी होती. १९३९ सालच्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कॅनट धावत्या घोड्यांमध्ये पडून गाडीखालून गेला, ते आजही पाहण्यासारखे आहे. पण चेहरा नायकाचा आणि हाड दुसऱ्याचे, असा व्यवहार झाला. विमा कंपन्या नायकाला जपू लागल्या. पुढे २३ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियात 'ट्वायलाइट झोन'च्या चित्रणात हेलिकॉप्टर कोसळून नट व्हिक मॉरो आणि दोन लहान मुले ठार झाली. ती मुले नियम मोडून रात्री कामावर आणलेली होती. त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले, ते योग्यच झाले. पण प्रेक्षकाची भूक राहिली ती राहिलीच, आणि तो ती बाहेरच्या चित्रपटांवर भागवू लागला.

येथे आम्हाला शिक्षक म्हणून थोडे थांबावेसे वाटते. बाहेर ही विद्या कशी शिकवली जात होती? जॅकी चॅन सात वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला हाँगकाँगच्या एका चिनी संगीत-नाटकाच्या शाळेत ठेवले. दहा वर्षांचा करार होता. आमच्या पूर्वजांचा तर पाचच वर्षांचा असे. पहाटेपासून कसरत, उलटे उभे राहणे आणि चुकले की छडी. त्या शाळेतून सामो हंग, युएन बियाओ असे एकाहून एक कलावंत निघाले, म्हणून छडीचे कौतुक करणारे लोक आहेत. आम्ही प्रशिक्षण महाविद्यालयात जे शिकलो आणि वर्गात जे पाहिले त्यावरून ते आम्हाला मान्य नाही. जे निघाले त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. जे मोडले त्यांची यादी कोणी छापत नाही.

आणि मोडतात तर सारेच. १९८५ सालच्या 'पोलीस स्टोरी'त दुकानांच्या इमारतीतील दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून घसरताना जॅकीचे हात भाजले. हाच चित्रपट १९८७ साली न्यूयॉर्कच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, म्हणजे ४२व्या रस्त्याची कला आता प्रतिष्ठितांच्या सभागृहात पोहोचली. 'रंबल इन द ब्राँक्स'मध्ये त्याचा घोटा मोडला, तेव्हा प्लास्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून त्याने काम पुरे केले. १९९६ साली तो चित्रपट अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर उघडला. ब्राँक्सच्या मागे कॅनडाचे डोंगर दिसतात, पण त्याची कोणी पर्वा केली नाही. चित्रपटाच्या शेवटी आपले फसलेले प्रयत्न दाखवण्याची त्याची पद्धतही अमेरिकन. हॅल नीडहॅम या मूळच्या स्टंटमनच्या 'कॅननबॉल रन'मधून घेतलेली. देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी चालते.

पुढे 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' हा मँडरिन भाषेतील चित्रपट २००० साली आला. त्याने अमेरिकेत सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलर मिळवले, आणि तेही खालच्या ओळी वाचायला लावून. त्यात दोऱ्या होत्या हे खरे, पण दोरीला माणूसच बांधलेला होता. मग थायलंडच्या टोनी जाचा 'ओंग-बाक' आला, ज्यात दोरीही नव्हती. २०१२ साली अमेरिकेत इंडोनेशियाचा 'द रेड' लागला. त्याचा दिग्दर्शक वेल्सचा, भाषा इंडोनेशियन आणि युद्धकला सिलाट. नायक इको उवैस आधी एका टेलिफोन कंपनीत गाडी चालवत असे. त्याने धंदा फार मोठा केला नाही, पण ज्यांनी पाहिला ते इतरांना ओढून नेऊ लागले.

संगणकाने आज शहरेच्या शहरे कोसळवता येतात. तरीही एक माणूस जिन्यावरून खरा गडगडला की प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो. हे प्रेम क्रूर आहे काय? थोडेसे आहे. म्हणूनच पडणाऱ्याचे नाव घेतले जावे, असे आम्हाला वाटते. कॅनटला मानद ऑस्कर मिळाले, नीडहॅमला २०१२ साली आणि जॅकीला २०१६ साली. पण ती मानद. दरवर्षीच्या पारितोषिकांत वेशभूषेला, केशभूषेला जागा होती, स्टंटला नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अकादमीने स्टंट-रचनेचे वेगळे पारितोषिक जाहीर केले. २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून ते दिले जाईल, म्हणजे पहिले २०२८च्या शंभराव्या सोहळ्यात. पारितोषिक स्टंटची रचना करणाऱ्यांना आहे, तेव्हा प्रत्यक्ष पडणाऱ्याच्या वाट्याला किती येते ते पाहायचे.

पालकांसाठी थोडेसे. 'प्रोजेक्ट ए' थोड्या मोठ्या मुलांसोबत पाहण्यास हरकत नाही, आणि जमल्यास मूळ आवाजात पाहा. ओळी वाचण्याचा सराव होतो. 'द रेड' लहानांसाठी मुळीच नाही. 'फिस्ट ऑफ फ्युरी' पाहाल तेव्हा शेवटी ब्रूस लीच्या लाथेने जपानी खलनायक भिंत फोडून अंगणात जाऊन पडतो तेथे लक्ष द्या. खलनायकाच्या जागी उडवलेला तो माणूस म्हणजे तरुण जॅकी चॅन आहे. चेहरा दिसत नाही.