सुरजागडचं लोहखनिज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून २०२१पासून लोहखनिजाचं उत्खनन नियमित सुरू आहे. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाने उभे राहत आहेत. गडचिरोलीने या गुंतवणुकीतून काय मागायचं, हे ठरवण्याआधी चार समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : खनिज निघालं की पैसा आपोआप जिल्ह्यात येतो.
वस्तुस्थिती : लोहखनिजाची रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के असते आणि ती राज्याच्या तिजोरीत जमा होते. जिल्ह्यासाठी वेगळा निधी येतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानात. २०१५च्या कायदादुरुस्तीनुसार जुन्या खाणपट्टाधारकांनी रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम तिथे भरायची असते. पिण्याचं पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांना त्यात प्राधान्य आहे.

गैरसमज : खाण आली की गावोगावी रोजगार.
वस्तुस्थिती : आजची खाण एक्स्कॅव्हेटर आणि डंपरवर चालते. तिला ऑपरेटर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन लागतात. स्थानिक मुलांना प्रशिक्षण वेळेवर मिळालं नाही, तर या जागांवर बाहेरचीच माणसं येतात.

गैरसमज : खाणकाम आणि पोलाद उद्योग एकच.
वस्तुस्थिती : कच्चं खनिज ट्रकने बाहेर गेलं, तर जिल्ह्याच्या वाट्याला धूळ आणि खचलेले रस्तेच जास्त येतात. कोनसरीत पेलेट आणि स्पंज आयर्न तयार झालं, तर मूल्यवाढ इथेच होते. खाणीजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंतची, पाण्यात मिसळलेलं खनिज वाहून नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन ट्रकची वर्दळ कमी करू शकते.

गैरसमज : खाणीआधी इथे अर्थव्यवस्था नव्हतीच.
वस्तुस्थिती : तेंदूपत्ता, बांबू आणि मोह यांवर इथली घरं चालत आली आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. नव्या उद्योगाचा हिशेब मांडताना तुटणाऱ्या जंगलाची ही कमाई वजा करावीच लागेल.

एकट्या खाणीवर विसंबण्यातला धोका गोव्याने भोगला आहे. २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये तिथलं खाणकाम थांबलं, तेव्हा ट्रक आणि बार्जवर पोट असलेल्या कुटुंबांचं उत्पन्नच तुटलं. म्हणून गडचिरोलीने आजच तीन गोष्टींचा आग्रह धरावा : खनिज निधीचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत वाचला जावा, प्रशिक्षण तालुक्यातच मिळावं आणि वनहक्कांना धक्का लागू नये.